स्थानिक इतिहासाची साधने आणि विस्मृत कामगारजीवन : खारबाव-भिवंडीच्या संदर्भात

औद्योगिक नगराच्या इतिहासलेखनात साधनांची निवड हाच निर्णायक प्रश्न ठरतो. कारण साधन ज्याची नोंद घेत नाही, त्याचे जीवन इतिहासातूनही गळून पडते. ई. पी. टॉम्पसन ह्यांनी इंग्लिश कामगारवर्गाच्या आपल्या इतिहासात (१९६३) विणकरांना स्वतंत्र प्रकरण दिले आणि पराभूतांचा अनुभवही इतिहासाचा विषय होतो, हे दाखविले. भिवंडीचे माग आणि त्याच तालुक्यातील खारबावसारखी गावे ह्यांच्या बाबतीत ही दृष्टी कसोटीस लावण्याजोगी आहे.

१८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये भिवंडी येते ती एक स्थळ म्हणून. तेथे व्यापार आहे, लोकसंख्या आहे, माणूस नाही. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) ह्या कादंबरीने गिरणी कामगाराला मराठी साहित्यात स्थान दिले. परंतु तेथे त्याच्या वतीने लेखक बोलतो. नीरा आडारकर व मीना मेनन ह्यांच्या २००४ मधील ग्रंथात मात्र गिरणगावची माणसे स्वमुखाने बोलतात. हे पाऊल निःसंशय पुढचे होय. तथापि त्या आठवणींना चाळ, संघटना आणि १९८२ चा संप ह्यांचा समान आधार होता, हे विसरता येत नाही. संघटित स्मृतीला वाचा लवकर फुटते.

भिवंडीच्या यंत्रमाग कारागिराला तसा आधार नाही. लहान लहान कारखान्यांत विखुरलेला हा कारागीर विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी घेतो. हजेरीपटावर त्याचे नाव बहुधा नसतेच. १९७० च्या दंगलीनंतर न्या. मादन आयोगापुढे येथील सामान्य नागरिकांच्या साक्षी झाल्या. म्हणजे हा माणूस दप्तरात शिरतो तो आपत्तीच्या निमित्ताने. त्याची रोजची पाळी, उचल, गावाकडे धाडलेला पैसा आणि कांड्या भरणारी त्याच्या घरातील स्त्री ह्यांना साक्षीदार कोणी नाही.

ह्यात भाषेची अडचण अधिक गंभीर आहे. हा साक्षीदार पुष्कळदा उर्दू, हिंदी किंवा तेलुगू बोलतो. खारबावच्या अभ्यासकाने भातशेती व आगरी बोली टिपावी आणि मागांचा खडखडाट दुसऱ्यांवर सोपवावा, ही वाटणी सोयीची असली तरी शास्त्रीय नव्हे. दोन्ही ठिकाणे एकाच वसई-दिवा लोहमार्गावर आहेत आणि त्यांची अर्थव्यवस्थाही परस्परांपासून अलग नाही. ह्या परकीय वाटणाऱ्या साक्षी मराठी प्रदेशाचीच साधने होत, हे मान्य केल्यावाचून मराठीतील स्थानिक इतिहास पूर्णतेचा दावा करू शकणार नाही.