‘लेसर इलेक्ट्रॉन त्वरक’: एका निबंधाचे पुनर्मूल्यन

ताजिमा व डॉसन यांचा ‘लेसर इलेक्ट्रॉन त्वरक’ हा निबंध १९७९ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. लेसरचा प्रखर व अत्यल्पकालीन स्पंद प्लाझ्मातून जाताना आपल्या दाबाने इलेक्ट्रॉनांना दूर सारतो. जड आयन जागीच राहतात, आणि नौकेमागे लाटा उठाव्यात तशी स्पंदामागे विद्युत्क्षेत्राची लाट उठते. तीत सापडलेला इलेक्ट्रॉन तिच्यासमवेत धावून ऊर्जा मिळवितो, ही निबंधाची मध्यवर्ती कल्पना होय.

घन सेंटिमीटरमागे १० चा १८ वा घात इतके इलेक्ट्रॉन असता दर सेंटिमीटरला अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या श्रेणीची ऊर्जा मिळावी, असे लेखकांचे गणित आहे. त्यावरून प्लाझ्मा जितका दाट तितका त्वरक समर्थ, असा समज सहज होतो. तो निबंधातीलच सूत्रांना धरून नाही. घनता दसपट केल्यास क्षेत्र सुमारे तिप्पट होते, हे खरे. परंतु दाट प्लाझ्मात स्पंदाचा, आणि म्हणून लाटेचाही, वेग मंदावतो. इलेक्ट्रॉन लाटेला लवकर मागे टाकून विरोधी क्षेत्रात शिरतो. त्वरणाचे अंतर तीस पटींहून अधिक घटते व एकूण ऊर्जालाभ दहाव्या हिश्शावर येतो.

निबंधाचे खरे उणेपण अन्यत्र आहे. तत्कालीन काच-लेसर या कामी पुरेसे आहेत, हे विधान घाईचे होते. उपरोक्त घनतेस स्पंदाची लांबी सुमारे १७ मायक्रॉन असावी लागते. इतका आखूड व प्रखर स्पंद त्या लेसरांच्या आवाक्यात नव्हता. स्ट्रिकलंड व मूरू यांच्या १९८५ च्या प्रवर्धन-पद्धतीने ती वाट मोकळी झाली. दोन लेसरांच्या विस्पंदांचा पर्याय लेखकांनी सुचविला होता, हे मात्र नमूद करणे न्याय्य ठरेल. शिवाय त्यांचा संगणकीय पडताळा अवकाशात एकमितीय असल्याने शलाका फाकण्याची अडचण त्यात उमटलीच नाही.

पुढील प्रयोगांनी या दोन्ही बाजू स्पष्ट केल्या. २००४ मध्ये तीन गटांनी दाट प्लाझ्मात काही मिलिमीटरांत सुमारे ७० ते १७० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या शलाका मिळविल्या. बर्कली येथे २००६ साली ३.३ सेंटिमीटरांच्या नलिकेत १ अब्ज, आणि २०१९ साली २० सेंटिमीटरांत ७.८ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट साधले. या वेळी घनता मूळ प्रस्तावाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शावर होती. सारांश, प्रगती झाली ती घनता उतरवून व शलाका नलिकेत राखून. अभ्यासकाने या निबंधातील आकड्यापेक्षा त्यातील मर्यादेचे सूत्र अधिक मोलाचे मानावे.