जथ्याचे सर्वनाम : ‘अ‍ॅव्हर्नम’च्या प्रारंभिक वाचनाविषयी

संगणकावरील खेळ ही साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येणारी वस्तू आहे काय, या प्रश्नाकडे मराठी समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. एस्पेन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथाने, जिच्यातून वाट काढण्यासाठी वाचकाला अर्थनिर्णयाखेरीज प्रत्यक्ष कृतीही करावी लागते, अशा संहितेचा विचार पुढे आणला. त्यानंतरच्या वादात खेळ हा कथन आहे की नियमांची रचना, यावरच बराच काळ काथ्याकूट झाला. भाषा मात्र मागे राहिली. ज्या खेळात चित्र दुबळे, ध्वनी तुटपुंजा आणि मजकूर मुबलक आहे, असा खेळ या दृष्टीने अधिक बोलका ठरतो.

जेफ व्होगेल यांच्या सिएटलमधील ‘स्पायडरवेब सॉफ्टवेअर’ या १९९४ मध्ये सुरू झालेल्या छोट्या घरगुती संस्थेचा ‘अ‍ॅव्हर्नम : एस्केप फ्रॉम द पिट’ (२०११) हा असा खेळ आहे. त्याची कथा प्रथम ‘एक्झाइल’ (१९९५) म्हणून आली, २००० साली ‘अ‍ॅव्हर्नम’ या नावाने पुन्हा रचली गेली आणि २०११ मध्ये तिसऱ्यांदा. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला यात पाठभेदाचा आनंद मिळावा. पहिल्या पाठात खेळणाऱ्याच्या हाताखाली सहा पात्रे होती, पुढच्या पाठांत चार उरली. परंपरा त्याहून जुनी आहे : १९७४ चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ, मग ‘विझर्ड्री’ (१९८१), ‘द बार्ड्स टेल’ (१९८५). वेगवेगळ्या कौशल्यांचा जथा जमवावा, भुयारात उतरावे आणि पाळीपाळीने लढावे, हा तिचा रूपबंध.

केवळ पहिल्या काही तासांच्या परिचयावर मत देणे हे एरवी कादंबरीची पन्नास पाने वाचून परीक्षण लिहिण्यासारखे ठरेल. येथे परिस्थिती निराळी आहे. ‘एक्झाइल’ ‘शेअरवेअर’ पद्धतीने वितरित झाला : आरंभीचा भाग विनामूल्य, पुढचा प्रदेश पैसे भरल्यावर खुला. म्हणजे आरंभ हा स्वतंत्रपणे उभा राहील अशा बेताने रचणे लेखकाला भागच होते. कीर्तनातील पूर्वरंगाची आठवण व्हावी, अशी ही योजना आहे. फरक एवढाच, की येथे आरतीचे ताट आख्यानापूर्वीच फिरते. या आरंभाचे परीक्षण म्हणूनच अपुरे असले तरी अनधिकृत नाही.

कथाबीज थोडक्यात असे. भूपृष्ठावरील साम्राज्य आपल्याला नकोशा झालेल्या माणसांना एकमार्गी जादूच्या दारातून जमिनीखालच्या अफाट गुहांत लोटून देते. अळंबी आणि सरडे यांवर गुजराण करीत त्या लोकांनी तेथे गावे वसवली आहेत, राजा नेमला आहे, सैन्य उभारले आहे. खेळणाऱ्याचे चौघे या गुहांत नव्याने येऊन पडतात. मराठी वाचकाला वनवास परिचित आहे, पण पांडवांच्या वनवासाला मुदत होती आणि तिच्या अखेरीस राज्यावरचा हक्क उभा होता. येथे मुदत नाही. हद्दपारांनी खाली उभारलेली व्यवस्था वरच्या व्यवस्थेचीच नक्कल करते : पहारे, अधिकारी, हुकूम. ही विसंगती लेखकाने मोठ्याने सांगितलेली नाही. ती गावोगावच्या संभाषणांतून हळूहळू जाणवते, आणि पहिल्या तासांतील सर्वांत प्रौढ साहित्यिक गुण हाच आहे.

आता त्या चौघांविषयी. त्यांची नावे खेळणारा ठेवतो, कौशल्ये तोच वाटतो. नेहमीची मांडणी म्हणजे योद्धा, चोरवाटांचा जाणकार, पुरोहित आणि मांत्रिक. त्यांना पूर्वायुष्य नाही, परस्परांशी संभाषण नाही. कादंबरीच्या अर्थाने ती ‘पात्रे’ नव्हेत. पण त्यांना ‘सोंगट्या’ म्हणणेही अन्यायाचे होईल, कारण जखमी मांत्रिकाला मागे उभे करताना खेळणाऱ्याच्या मनात जी काळजी असते ती पटावरील सोंगटीच्या वाट्याला सहसा येत नाही. पंचतंत्रातील चौघांची कथा येथे उपयोगी पडते. तिघे विद्वान : एक सिंहाची हाडे जुळवतो, दुसरा मांस-कातडे चढवतो, तिसरा प्राण घालतो. चौथ्याजवळ विद्या नाही, फक्त समज आहे, आणि तो आधी झाडावर चढतो. ‘अ‍ॅव्हर्नम’च्या जथ्यात चौघेही विद्यावंत आहेत. झाडावर बसलेला समजूतदार म्हणजे पडद्याबाहेरचा खेळणारा. फळे भोगतात ते चौघे, निर्णय घेतो तो पाचवा.

या पाचव्याला संहिता कोणत्या सर्वनामाने हाक मारते? नव्या दालनात पाऊल पडताच मजकुराची चौकट उघडते आणि इंग्रजी मध्यमपुरुषी सर्वनामाने वर्णन सुरू होते. इंग्रजीत ते एकवचनी की अनेकवचनी, हे सांगावे लागत नाही. चौघे आणि पाचवा एकाच शब्दात लपतात, आणि खेळाचा सारा भ्रम या लपण्यावर उभा आहे. मराठीत हा आडोसा मिळत नाही. ‘तू’ म्हटले की जथा नाहीसा होतो. ‘तुम्ही’ म्हटले की चौघे दिसतात, पण खेळणारा त्यांच्यात धरला आहे की त्याला केवळ आदराने संबोधले आहे, हे कळत नाही. राहते ‘आपण’. बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही कवेत घेणारे हे सर्वनाम वऱ्हाडी बोलीत ‘आपुन’ म्हणून सहज वावरते. ते योजले तर निवेदकच जथ्यात सामील होतो आणि तटस्थ मजकूर सोबत्याचे बोलणे बनतो. इंग्रजी संहितेच्या पुष्कळशा खोचक वाक्यांना हा सूर मानवणार नाही. चौघांच्या विपत्तीकडे किंचित वरून पाहणारी ती वाक्ये आहेत.

दुसरा मुद्दा स्थलाचा. या खेळाचे कथन घटनाक्रमाने बांधलेले नाही, ते ठिकाणांनी बांधलेले आहे. कोणत्या गुहेत आधी जावे हे बऱ्याच अंशी मोकळे ठेवलेले असते. प्रत्येक ठिकाणी त्या ठिकाणाची एक छोटी कथा चिकटलेली. पाश्चात्त्य कथनमीमांसेला हा प्रकार नवा वाटत असेल. अमरावती जिल्ह्यातील वाचकाला तो तितका नवा वाटू नये. याच जिल्ह्यातील रिद्धपूर महानुभावांचे श्रद्धास्थान. ‘लीळाचरित्रा’त लीळा अनेकदा गावाच्या नावाशी बांधलेली असते आणि ‘स्थानपोथी’ तर चक्रधरांच्या वास्तव्याच्या जागांचीच नोंद करते. तेथे स्थान पवित्र आहे, येथे ते उपयुक्त आहे, हा भेद मूलगामी होय. तरी ‘येथे काय घडले’ हा प्रश्न ‘पुढे काय घडले’ याच्या आधी विचारणारी वाचनाची सवय दोन्हीकडे एकच. (उपयोगावरून स्थळ ओळखण्याची रीतही जवळचीच. एकाच जिल्ह्यातील दोन चांदूर ‘रेल्वे’ आणि ‘बाजार’ या शब्दांनी वेगळे होतात. ‘अ‍ॅव्हर्नम’मधील किल्ल्यांची नावे याहून फार काव्यमय आहेत, असे नाही.)

दोष पुष्कळ आहेत. किरकोळ कामांची जंत्री लवकर कंटाळा आणते. लढाया परस्परांसारख्या वाटू लागतात. चित्रे पुन्हा पुन्हा तीच. खर्चाची मर्यादा हे त्याचे कारण खरे, परंतु तिचे समर्थन करताना कृती श्रेष्ठ ठरत नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ (२०२०) हाही लहान चमूने केलेला खेळ. त्यात दृश्य देखणे आहे, पुराणकथांचा वापर आहे, नायिका एकच आहे आणि वाचावे असे फार थोडे आहे. चित्रावर भर द्यावयाचा की शब्दावर, हा निर्णय पैशापुरता राहत नाही.

आणि शब्द येथे इंग्रजी आहेत. चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या संगणकावरही चालावा इतका हा खेळ साधा आहे, पण त्याचा मजकूर वगळून पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला फक्त लढाया मिळतील. हद्दपारांनी उभारलेल्या त्या नकली राज्याचा उपहास त्याच्यापर्यंत पोचणार नाही. मजकुराचे भाषांतर व्हावयाचे तर पहिला निर्णय शब्दसंग्रहाचा नसून, त्या पहिल्या चौकटीतील ‘तुम्ही’चा असेल.