स्टेनलेस पोलादातील भेगा आणि न वितळविता केलेली दुरुस्ती : एक चिकित्सा

स्टेनलेस पोलाद गंजत नाही, हा समज रायगडच्या किनाऱ्यावर तपासून पाहावा. थळचा खत कारखाना, उरणचा तेल-वायू प्रकल्प, न्हावा-शेवा बंदर ही सारी खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात आहेत. उघड्या पृष्ठभागावरील मीठ पावसाळ्यात धुऊन जाते. परंतु नळीच्या खालच्या अंगास, उष्णतारोधक वेष्टनाखाली क्लोराईड साचून राहते. तेथे धातूत ताण असल्यास फांद्या फुटलेल्या सूक्ष्म भेगा आत शिरतात. हा ताण पुष्कळदा मूळच्या वेल्डिंगनेच मागे ठेवलेला असतो. म्हणून भेग पुन्हा वितळवून बुजविणे म्हणजे ताणाचे कारण नव्याने निर्माण करणे होय.

यावर उपाय म्हणून धातू न वितळविणाऱ्या पद्धती पुढे येतात. तत्त्व जुनेच आहे. तापलेले लोखंड ऐरणीवर ठोकून सांधणारा लोहार हेच करीत आला. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये घर्षणाने धातू मऊ करून ढवळण्याची पद्धत निघाली. ॲल्युमिनियमला ती मानवली. पोलादाचे तसे नाही. येथे टंगस्टन-ऱ्हेनियमसारखे महागडे हत्यार लागते, त्यावर मोठा दाब द्यावा लागतो, मागून भक्कम आधार लागतो. आणि हत्यार बाहेर काढताना भोक उरते, त्याची वेगळी सोय करावी लागते. चालू कारखान्यातील उंचावरच्या नळीवर हे कसे जमणार?

याहून मूलभूत आक्षेप असा की, 'न वितळविता' म्हणजे 'न तापविता' नव्हे. ३०४ जातीचे पोलाद सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात रेंगाळले की कणसीमांवर क्रोमियम कार्बाइड साठते व लगतच्या भागातील क्रोमियम घटतो. ढवळलेल्या भागाच्या कडा याच पट्ट्यातून जाऊ शकतात. पद्धतीचा पुरस्कार करताना याचा हिशेब मांडलाच पाहिजे.

१९८० च्या दशकात नोवोसिबिर्स्क येथे विकसित झालेली शीत फवारणी या दृष्टीने सरस वाटते. अतिवेगाने आदळणारे धातुकण थरावर थर रचतात. उष्णता अल्प असते, आणि योग्य रीतीने केल्यास पृष्ठभागी दाबाचा ताण राहतो, जो भेगेस प्रतिकूल असतो. मात्र ती भेगेच्या दोन कडा सांधीत नाही, केवळ झाकते. आतले मीठ आधी घासून काढले नाही तर झाकणाखाली ते तसेच राहील. प्रस्तुत लेखकाच्या मते तिला आवरण म्हणावे, जोड म्हणू नये.

स्वच्छ, सपाट पट्टीवर यंत्राने पाडलेली खाच ही खरी भेग नव्हे. भेगाळलेली नळीच दुरुस्त करून थळच्या वाऱ्यात, वेष्टनासह, काही पावसाळे ठेवावी. मग पुन्हा कापून पाहावी.