‘रेलिकँथ’ : एका कल्पित सागरी जीवाच्या निमित्ताने ‘शोध’ या संकल्पनेची चिकित्सा

बीजसंज्ञा : पोकेमॉन, रेलिकँथ, सीलाकँथ, जिवंत जीवाश्म, नामकरण, संग्रह

प्रस्तावना

लोकप्रिय संस्कृतीतील खेळांचा विचार आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होतो. एक, मुलांच्या मनावर त्यांचा होणारा परिणाम. दुसरे, त्यामागील व्यापार. खेळातील एखादी प्रतिमा साहित्यकृतीतील प्रतिमेप्रमाणे वाचून पाहावी, तिच्यातील विधाने तपासावीत, तिच्या मौनाचा अर्थ लावावा, असा प्रयत्न क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात ‘पोकेमॉन’ या जपानी खेळमालिकेतील ‘रेलिकँथ’ या खोल समुद्रातील कल्पित मत्स्याचा असा विचार करावयाचा आहे. हा जीव मालिकेतील लोकप्रिय पात्रांपैकी नव्हे. चित्रवाणीवर पोकेमॉन पाहत वाढलेल्या पिढीलाही तो चटकन आठवेल असे नाही. तरीही या लहानशा प्रतिमेत विज्ञानाच्या इतिहासातील एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि खेळाने तो जितका उघड केला आहे तितकाच झाकलाही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रतिमेचे स्वरूप

‘गेम फ्रीक’ या संस्थेने तयार केलेले या मालिकेतील पहिले खेळ जपानमध्ये 1996 साली आले. मालिकेचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता आणि त्या छंदातूनच खेळाची कल्पना सुचली, हे सर्वश्रुत आहे. रानावनात हिंडावे, प्राणी पकडावेत, त्यांची नोंद ‘पोकेडेक्स’ नावाच्या सूचीत करावी, आणि सूची पूर्ण करावी, असे या खेळाचे सूत्र. 2002 साली आलेल्या ‘रुबी’ व ‘सफायर’ या खेळांत ‘होएन’ हा नवा प्रदेश अवतरला. त्याची रचना जपानच्या क्यूशू बेटावर आधारलेली आहे. या प्रदेशाचा मोठा भाग समुद्राने व्यापला आहे, आणि मालिकेत प्रथमच खेळाडूला पाण्याखाली उतरून समुद्रतळावर फिरता येऊ लागले. त्या तळावरील शेवाळात, शंभरातून सुमारे पाच वेळा, रेलिकँथ भेटतो.

सूचीतील त्याचा क्रमांक 369. लांबी एक मीटर, वजन 23.4 किलोग्रॅम. जात ‘जल’ आणि ‘पाषाण’ अशी दुहेरी. अंगावर खडबडीत खडकासारखे खवले, जबड्यात दात नाहीत, आहार सूक्ष्म जीवांचा, आणि खोल पाण्याचा प्रचंड दाब सोसणारी काया. खोल समुद्रातील शोधमोहिमांत तो सापडला. 10 कोटी वर्षांत त्याच्या रूपात बदल झालेला नाही, असे सूचीत नोंदलेले आहे. ‘एमराल्ड’ या 2004 मधील खेळाने त्यात आणखी एका वाक्याची भर घातली : ही जाती नामशेष झाल्याचे मानले जात होते, आणि तिला शोधकर्त्याचे नाव देण्यात आले आहे.

‘सीलाकँथ’ या खऱ्या माशावरून ही प्रतिमा घडली हे उघडच आहे. ‘रेलिकँथ’ या नावात इंग्रजीतील ‘अवशेष’ या अर्थाचा शब्द आणि सीलाकँथ यांचा संकर आहे. ‘जीरान्सू’ हे जपानी नावही त्या माशाच्या ‘शीराकान्सू’ या जपानी उच्चाराच्या वळणावर गेलेले आहे. येथेच पहिली विसंगती दिसते. नोंद म्हणते, नाव शोधकर्त्यावरून दिले. परंतु दोन्ही भाषांतील नावांत कोणत्याही व्यक्तीचा मागमूस नाही, आणि त्या शोधकर्त्याचे नावही खेळ कोठे सांगत नाही. म्हणजे सन्मान झाल्याची बातमी आहे, सन्मानित व्यक्ती मात्र गायब.

ज्यांच्या नावावरून

वास्तवात ती व्यक्ती गायब नाही. 22 डिसेंबर 1938 रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात ‘नेरीन’ नावाचा ट्रॉलर परतला. त्याचे कप्तान हेंड्रिक गूसेन चमत्कारिक मासे सापडले की स्थानिक वस्तुसंग्रहालयाला निरोप पाठवीत. संग्रहालयाच्या तरुण अभिरक्षक मार्जोरी कोर्टने-लॅटिमर बंदरावर गेल्या आणि माशांच्या ढिगात त्यांना दीड मीटर लांबीचा, निळसर, कठीण खवल्यांचा आणि अवयवांसारख्या मांसल परांचा एक मासा दिसला. डिसेंबर हा तिकडे उन्हाळ्याचा महिना. एवढा मासा टिकवायचा कसा, हा प्रश्न होता. शवागाराने तो ठेवून घेण्यास नकार दिला. अखेर त्यात पेंढा भरावा लागला आणि आतील मऊ भाग गमावले गेले. ग्रॅहम्सटाउन येथील रसायनशास्त्राचे अध्यापक व मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना लॅटिमर यांनी रेखाटन पाठविले होते. ते प्रत्यक्ष येऊन पाहीपर्यंत फेब्रुवारी 1939 उजाडला. ज्या गटाचे जीवाश्म सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या थरांनंतर कोठेच मिळत नव्हते, त्या गटातील मासा समोर होता. स्मिथ यांनी त्याला ‘लॅटिमेरिया कॅलुम्नी’ हे नाव दिले : प्रजातीचे नाव त्या अभिरक्षक स्त्रीवरून, जातीचे नाव चलुम्ना नदीच्या मुखावरून.

रेलिकँथच्या नोंदीतील वाक्याचा उगम हा. ते वाक्य प्रामाणिक आहे. पण अर्धेच आहे. कारण पुढील कथा एवढी सरळ नाही.

दुसरा नमुना मिळवण्यासाठी स्मिथ यांनी चौदा वर्षे खटपट केली. शंभर पौंडांचे इनाम जाहीर करणारी, माशाचे चित्र असलेली पत्रके त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाटली. डिसेंबर 1952 मध्ये कोमोरो द्वीपसमूहातील अंझुआन बेटावर अहमदी अब्दल्ला या कोळ्याने तो मासा पकडला. तो नेण्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान डी. एफ. मलान यांनी लष्करी विमान दिले. या नमुन्याला पाठीवरचा पहिला पर नव्हता, म्हणून स्मिथ यांनी ती वेगळी प्रजाती मानली आणि तिचे नाव ठेवले ‘मलानिया’. हे मलान म्हणजे वर्णभेदाचे धोरण राबविणाऱ्या सरकारचे प्रमुख. पुढे तो पर केवळ इजेमुळे नाहीसा झालेला होता आणि मासा पहिल्याच जातीचा होता, असे ठरले. ‘मलानिया’ हे नाव बाद झाले. परंतु ते बाद झाले वर्गीकरणाच्या नियमाने. ज्याने मासा धरला त्याला डावलून ज्याने विमान दिले त्याचे नाव द्यावे, ह्याबद्दल नियमाला काही म्हणावयाचे नव्हते.

आणखी एक बाब आहे. कोमोरोतील कोळ्यांना हा मासा नवा नव्हता. ते त्याला ‘गोंबेसा’ म्हणत. मांस तेलकट व बेचव असल्याने त्याला फारशी किंमत नव्हती. पुढे इंडोनेशियातही असेच घडले. 1997 साली सुलावेसी बेटावरील मानाडोच्या बाजारात अशाच जातीचा मासा एका प्रवासी जोडप्याच्या दृष्टीस पडला, पुढच्या वर्षी नमुना मिळाला, आणि 1999 मध्ये दुसरी जाती नोंदली गेली. तेथील कोळ्यांकडेही त्यासाठी नाव होते : ‘राजा लाउत’, समुद्राचा राजा. दोन्ही ठिकाणी मासा ‘सापडला’ तेव्हा तो कोणाच्या तरी गळाला किंवा जाळ्यात आधीच लागलेला होता.

खेळाची सूची ज्याला ‘शोध’ म्हणते तो खोल समुद्रातील मोहिमेत लागतो. वास्तवात एकही निर्णायक नमुना मोहिमेने आणला नाही. ट्रॉलर, होडी आणि बाजार यांनी आणले. हान्स फ्रिके यांच्या लहान पाणबुडीने 1987 मध्ये कोमोरोजवळ सीलाकँथ प्रथम त्याच्या अधिवासात चित्रित केला, हे खरे. पण तेव्हा माशाला नाव मिळून जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. कल्पित जीवाच्या चरित्रातून कोळी वगळला गेला आहे, आणि प्रस्तुत लेखकाला हा सर्वांत गंभीर दोष वाटतो. मुलांच्या खेळाकडून एवढी अपेक्षा कशाला, असा आक्षेप येईल. पण ज्या खेळाचे नायकत्वच ‘पकडणाऱ्या’कडे आहे त्याने पकडणाऱ्यालाच विसरावे, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

‘न बदलणे’ म्हणजे काय?

या मालिकेत ‘उत्क्रांती’ हा शब्द एका विशिष्ट अर्थाने येतो. अनुभव वाढला की एकच प्राणी क्षणार्धात दुसरे रूप धारण करतो. मराठीत याला रूपांतरण म्हणणे अधिक योग्य; अळीचे फुलपाखरू होते तसे. उत्क्रांती पिढ्यांची असते, व्यक्तीची नव्हे. रेलिकँथ मात्र कशातही रूपांतरित होत नाही. त्याच्या आधीचे रूप नाही, नंतरचे नाही. 10 कोटी वर्षे न बदललेला जीव खेळाच्या नियमांतही न बदलणारा ठेवला, ही रचनाकारांची सूक्ष्म दृष्टी म्हणावी लागेल. येथे आशय आणि यंत्रणा यांचा उत्तम मेळ बसला आहे.

परंतु विज्ञान आता ‘न बदललेला’ या विशेषणाकडे साशंकतेने पाहते. ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्दप्रयोग डार्विनने 1859 मध्ये केला, तो बदकचोच्या आणि फुप्फुसमत्स्य यांसारख्या प्राण्यांसाठी. सीलाकँथला तो इतका चिकटला की विशेषणाचे सत्य झाले. 2013 साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. प्रथिने घडविणाऱ्या जनुकांतील बदल मंद आहेत, पण थांबलेले नाहीत, असे त्यातून दिसले. त्याच वर्षी कसान आणि लोरांती या फ्रेंच अभ्यासकांनी सीलाकँथला जिवंत जीवाश्म म्हणणेच चूक आहे, असे प्रतिपादन केले. ‘लॅटिमेरिया’ या प्रजातीचा एकही जीवाश्म मिळालेला नाही. या गटातील जुने मासे आजच्या माशाच्या प्रतिकृती नव्हते. कॅनडात सापडलेल्या, 2012 मध्ये वर्णिलेल्या ‘रिबेलॅट्रिक्स’ला तर वेगवान पोहणाऱ्या माशांसारखी दुभंगलेली शेपटी होती.

आहाराच्या बाबतीतही कल्पनेने वास्तवाला सौम्य केले आहे. खरा सीलाकँथ दात असलेला शिकारी आहे. तो मासे आणि माकूळ खातो. दिवसा तो सुमारे दोनशे मीटर खोलीवरील कपारींत राहतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याच्या अवशिष्ट फुप्फुसात चरबी भरलेली असते. 2019 च्या ‘स्वोर्ड’ खेळातील नोंदीत रेलिकँथच्या तेलाने भरलेल्या वाताशयाचा उल्लेख आहे, तो या बारकाव्याशी जुळतो. त्याच्या परांना पाय समजण्याची चूक मात्र खेळाच्याही आधीची. स्मिथ यांनी 1956 मधील आपल्या पुस्तकाच्या नावातच त्याला चार पायांचा म्हटले. फ्रिके यांच्या चित्रणात मात्र तो तळावर चालताना आढळला नाही. (मत्स्यावताराची आठवण येथे काहींना होईल, परंतु त्या कथेचा या प्रतिमेशी काहीही संबंध नाही, आणि ओढूनताणून जोडण्यात अर्थ नाही.)

दुर्मीळतेचे गणितही पाहण्यासारखे आहे. खेळातील दुर्मीळता ही शंभरातील पाच ही संख्या आहे. धीर धरणाऱ्याला मासा मिळतोच. शिवाय तो पाळून त्याची अंडी मिळवता येतात. एक अंडे उबण्यास दहा हजारांहून अधिक पावले चालावे लागते, आणि खेळाच्या हिशेबात हा फार दीर्घ काळ मानला जातो. खरा सीलाकँथ अंडी घालत नाही. 1975 मध्ये एका जतन केलेल्या मादीच्या विच्छेदनात पिले आढळली तेव्हा तो पिलांना जन्म देतो हे सिद्ध झाले. 2021 च्या खवल्यांवरील अभ्यासानुसार त्याचे आयुष्य सुमारे शंभर वर्षांचे, गर्भावस्था सुमारे पाच वर्षांची, आणि मादी पन्नाशी उलटल्यावर प्रजननक्षम होते. आफ्रिकेकडील जाती आज अतिसंकटग्रस्त गणली जाते. ज्या माशाची एक पिढी भरून यायला अर्धे शतक लागते, त्याच्या बाबतीत ‘सूची पूर्ण करणे’ या ध्येयाचा अर्थ वेगळा होतो. म्हणूनच इनामाची ती पत्रके आज वाचताना अस्वस्थ व्हायला होते.

बंद दालन

असे असूनही रेलिकँथला निव्वळ अपुरी नक्कल म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. ‘रुबी’ व ‘सफायर’मध्ये समुद्राखाली एक बंद दालन आहे. त्याच्या भिंतींवर ब्रेल लिपीत मजकूर कोरलेला आहे. पूर्वी या प्रदेशातील लोकांनी सामर्थ्यवान प्राण्यांचा आधार घेतला आणि नंतर भीतीपोटी त्यांनाच कोंडून टाकले, असा त्याचा आशय. हे दार उघडण्यासाठी खेळाडूच्या संघात एका टोकाला रेलिकँथ आणि दुसऱ्या टोकाला ‘वेलॉर्ड’ हा साडेचौदा मीटरचा देवमासा असावा लागतो. मग दूरवर तीन ठिकाणी कोंडलेल्या तीन प्राण्यांकडे जाण्याचा मार्ग खुला होतो.

या प्रसंगात रेलिकँथ संग्रहातील वस्तू राहत नाही. ज्या कृत्याची आठवण माणसे विसरली, त्याचा तो साक्षीदार होतो. त्याचे बळ येथे कामाचे नाही. तसे ते बेताचेच आहे, कारण जल-पाषाण या जातीमुळे वनस्पतीच्या हल्ल्याचा त्याच्यावर चौपट परिणाम होतो. कामाची आहे ती त्याची उपस्थिती. मालिकेतील बहुतेक प्राणी लढण्यासाठी सोबत घेतले जातात; हा केवळ ‘असण्यासाठी’ घेतला जातो. आणि जो जीव पकडून, नोंदवून बाजूला ठेवला होता तोच कोंडलेल्यांची सुटका करतो, हे खेळाने योजून केले असो वा नसो, अर्थपूर्ण आहे.

मात्र भिंतीवरील ती ब्रेल अक्षरे पडद्यावर केवळ दिसतात; बोटांना लागत नाहीत. स्पर्शाने वाचणाऱ्याला ती वाचता येणार नाहीत, आणि ज्याला दिसतात त्याला तक्ता समोर ठेवून एकेक अक्षर जुळवावे लागते. प्रस्तुत लेखकाने तो मजकूर तसाच, कागदावर ठिपके उतरवून वाचला. दोनदा चुकला. तिसऱ्या वेळी दार उघडले, तेव्हा संघाच्या एका टोकाला असलेल्या त्या माशाचे मूळ नाव कोणत्या भाषेतील म्हणावे, हा प्रश्न तसाच समोर होता : लॅटिमेरिया, राजा लाउत, की गोंबेसा.