धुराडे गावातले, धडा मँचेस्टरचा

सोलापुरातल्या एका शाळेत नववीच्या मुलांशी गप्पा मारण्याचा योग आला. विषय होता हवेतील बाष्प. बोलता बोलता आम्ही विचारले, "सुती कापडाच्या गिरण्यांना कोणते हवामान लागते?" अर्ध्या वर्गाचे हात वर. "दमट!" "आणि सोलापूरचे हवामान कसे?" "उष्ण आणि कोरडे!" हेही उत्तर तितकेच खणखणीत. "मग सोलापुरात गिरण्या कशा निघाल्या?" वर्ग एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, माझे आजोबा गिरणीत होते. पण ते पुस्तकात नाही."

दोन्ही उत्तरे पाठ होती. ती एकमेकांना छेद देतात हे मात्र कुणाच्या लक्षात आले नव्हते. दोष मुलांचा नाही. औद्योगिकीकरणापासून जागतिकीकरणापर्यंतचा इतिहास आपण ज्या रीतीने शिकवतो, त्या रीतीचा आहे. या लेखात त्या रीतीचीच तपासणी करायची आहे.

ही रीत आपल्या चांगल्या परिचयाची आहे. आधी इंग्लंड, मग शोधांची यादी: के यांचा धावता धोटा १७३३, आर्कराइट यांचे सूतयंत्र १७६९, क्रॉम्टन यांचे म्यूल १७७९, कार्टराइट यांचा यंत्रमाग १७८५. त्यानंतर 'औद्योगिक क्रांतीचे परिणाम' या शीर्षकाखाली पाच-सहा मुद्दे. भारत येतो तो कच्चा माल पुरवणारा आणि पक्का माल विकत घेणारा देश म्हणून. पुढे दोन महायुद्धे, शीतयुद्ध आणि शेवटी १९९१ साली जागतिकीकरण 'आले'. या मांडणीत खोटे फारसे काही नाही. पण तिच्यातून एक समज मनात पक्का बसतो. जे काही घडले ते दुसरीकडे घडले, आपल्याकडे त्याचे नुसते पडसाद उमटले! विज्ञानात आपण म्हणतो की जे स्पष्टीकरण समोरच्या उदाहरणाला लागू पडत नाही, ते पुन्हा तपासावे. तोच नियम इथे लावून पाहू.

प्रथम दमट हवेचा मुद्दा. तो मुळात चुकीचा नाही. कापसाचा तंतू हवेतले बाष्प शोषून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असली तर कापसात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण आठ टक्के पाणी असते. ओलसर कापूस कोरड्यापेक्षा बळकट असतो. हवा फार कोरडी झाली की धागा वारंवार तुटतो, घर्षणाने स्थिरविद्युत निर्माण होते आणि तंतू विस्कटतात. पण ही आर्द्रता हवी असते गिरणीच्या चार भिंतींच्या आत! बाहेरची हवा दमट असली तर ती फुकट मिळते. नसली तर वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडून ती तयार करता येते. म्हणजे दमट हवामान ही सोय झाली, अट नव्हे. आणि या कृत्रिम दमटपणाची खरी किंमत मोजली ती आत राबणाऱ्या माणसाने. बाहेर सोलापूरचा उन्हाळा, आत ओलसर उकाडा आणि हवेत कापसाची धूळ. वर्षानुवर्षे ती धूळ श्वासावाटे आत गेली की बिसिनोसिस नावाचा फुप्फुसांचा विकार जडतो. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला. त्यापूर्वी प्रौढ पुरुषाने किती तास काम करावे याला कायद्याची मर्यादाच नव्हती. भूगोलातला एक शब्द तपासायला घेतला, तर आपण थेट आरोग्यापर्यंत आणि कामगार कायद्यापर्यंत येऊन पोहोचलो.

मग सोलापुरात गिरणी का निघाली? येथे तारखा उपयोगी पडतात. मात्र त्या पाठ करायच्या नाहीत, त्यांच्याकडून उत्तर काढून घ्यायचे आहे. मुंबईहून निघालेली रेल्वे सोलापुरात पोहोचली १८६० साली. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चे. त्या काळात तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाचे भाव कडाडले. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली १८७४ साली. हीच सोलापूरकरांची 'जुनी गिरणी'. दख्खनचा भीषण दुष्काळ १८७६ ते १८७८ चा. आणि जुनी गिरणी चालू झाली १८७७ साली, त्या दुष्काळाच्या ऐन मध्यावर.

आता मुलांना विचारावे: दुष्काळामुळे स्वस्त मजूर मिळाले म्हणून गिरणी निघाली, हे विधान बरोबर आहे का? कंपनी दुष्काळाच्या दोन वर्षे आधी स्थापन झाली होती. तेव्हा दुष्काळ हे गिरणी निघण्याचे कारण असू शकत नाही. गिरणी चालू होताना तिच्या दाराशी कोण उभे होते, हे समजायला मात्र दुष्काळ उपयोगी पडेल. तसेच, युद्धामुळे कापसाची मागणी वाढली म्हणून रेल्वे आली, हेही म्हणता येत नाही, कारण रेल्वे युद्धाच्या आधीची आहे. पण इंग्लंडला आपला कापूस हवा होता तो युद्धाच्याही आधीपासून. लॉर्ड डलहौसी यांच्या रेल्वेविषयीच्या १८५३ च्या टिपणात कापसाचा विचार स्पष्टपणे आलेला आहे. कार्यकारणभाव शिकवायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. पाच तारखा आणि एक फळा पुरतो.

तिसरा मुद्दा हातमागाचा. 'गिरण्यांमुळे हातमाग बुडाला' हे वाक्य आपण सगळ्यांनीच पेपरात लिहिले आहे. सोलापुरात ते अर्धेच खरे ठरते. यंत्राने संपवली ती हाताने सूत काढणारी माणसे, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. विणकराची गोष्ट मात्र वेगळी. त्याला गिरणीचे स्वस्त सूत मिळू लागले. तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि त्यांच्या जोडीने मोमीन विणकर यांनी गिरण्यांच्या सावलीतच आपले माग चालवले. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा एकेक गिरण्या उभ्या राहिल्या, तरीही विसाव्या शतकात सोलापूर हे हातमागाचे मोठे केंद्र म्हणूनच ओळखले जात होते. कातणारी गेली आणि विणणारा टिकला, असे का? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा विद्यार्थी यंत्र म्हणजे नेमके काय आणि ते कोणाचे काम हिरावून घेते, याचा विचार करू लागेल. हा प्रश्न आजच्या संगणकाच्या काळातही जुना झालेला नाही.

चौथी त्रुटी आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. सोलापूर पुस्तकांत अगदीच नाही असे नव्हे. राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासात ते सविनय कायदेभंगाच्या पाठात येते. मे १९३० मध्ये शहर पेटून उठले आणि लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. या लढ्यात गिरणी कामगार आघाडीवर होते असेही आपण शिकवतो. पण हे कामगार आले कोठून? औद्योगिक क्रांतीचा पाठ मँचेस्टरमध्ये संपलेला असतो, आणि राष्ट्रीय चळवळीच्या पाठात सोलापूरचे कामगार एकदम रस्त्यावर दिसतात. मधला सत्तर वर्षांचा पूल कोणीच बांधलेला नसतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, त्यांची तारेच्या कुंपणातली वसाहत सोलापुरात होती. तिच्यातली माणसे गिरण्यांत कामाला जात. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण 'सेटलमेंट' हा शब्द गावात राहिला. कोणत्या पाठात बसवायचे याला?

नागरिकशास्त्राचेही तसेच. १९४९ साली जुनी गिरणी बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला. एका भागधारकाने त्याला आव्हान दिले, आणि राज्यघटना लागू होऊन वर्ष व्हायच्या आत, डिसेंबर १९५० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. समानतेच्या हक्कावरील सुरुवातीच्या महत्त्वाच्या निकालांत त्याची गणना होते. कायद्याचे विद्यार्थी तो देशभर अभ्यासतात. सोलापूरच्या शाळेतल्या मुलांना त्याची गंधवार्ताही नसते!

आता जागतिकीकरण. ते १९९१ साली आले असे म्हणताना, १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या युद्धाने दख्खनमधल्या कापसाचा भाव ठरवला होता हे आपण विसरतो. इंग्लंडने १७२१ साली कायदा करून छापील सुती कापडाचा वापर आपल्या देशात बंद केला. या बंदीचा रोख भारतीय मालाकडे होता. पुढे त्याच इंग्लंडच्या राज्यात १८९६ पासून भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लावला गेला. लँकेशायरच्या मालाला स्पर्धा नको, म्हणून. हा कर १९२५ पर्यंत चालला. श्रीमंत देशांनी कापड-आयातीवर घातलेली कोट्याची पद्धत १९७४ पासून होती. ती २००५ च्या प्रारंभी संपली. या सगळ्या काळात सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गाव यंत्रमागावरच्या चादरींकडे आणि टॉवेलांकडे वळले, आणि हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळू लागल्या. जागतिक व्यापाराच्या नव्या नियमांना धरून आपल्याकडे १९९९ साली भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला, आणि त्याखाली 'सोलापुरी चादर' या नावाला संरक्षण मिळाले. म्हणजे ज्या जागतिकीकरणाने धंद्यातली स्पर्धा वाढवली, त्यानेच गावाच्या नावाला कायद्याची ढालही दिली. त्याला नुसते चांगले किंवा वाईट म्हणून भागत नाही.

ही टीका करताना आम्हां विज्ञानवाल्यांनी स्वतःला वगळू नये. जेम्स वॉट यांना किटलीच्या झाकणावरून वाफेचे इंजिन सुचले, ही गोष्ट आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो. वस्तुतः न्यूकोमेन यांचे वाफेचे इंजिन १७१२ पासून खाणीतले पाणी उपसत होते. त्याची एक प्रतिकृती दुरुस्त करताना वॉट यांना त्यातला उष्णतेचा अपव्यय दिसला. या इंजिनांमागचे शास्त्र कार्नो यांनी मांडले ते १८२४ मध्ये. आधी यंत्र, मग शास्त्र! किटलीच्या गोष्टीत हे सगळे हरवते. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर विणली जाते. या मागात छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्या कोणता ताणा उचलायचा ते ठरवतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची ही युक्ती पुढे गणकयंत्रांच्या इतिहासात शिरली. अंथरुणावरची चादर हातात घेऊन हा धडा आम्ही किती वेळा शिकवला?

यावर शिक्षकांचा आक्षेप आम्ही ऐकला आहे. "परीक्षेत नावे आणि सालेच विचारतात. वेळ कोठून आणायचा?" आक्षेप खरा आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. २०२२ साली एनसीईआरटीने अभ्यासाचा भार कमी करताना अकरावीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकातून औद्योगिक क्रांतीचे प्रकरणच वगळले. जो धडा मुलांच्या जगण्याला कोठेही चिकटलेला नाही, तो भार वाटणार आणि केव्हातरी वगळलाही जाणार. गावाशी जोडलेला धडा वगळणे इतके सोपे जात नाही.

उलट टोकालाही जाऊ नये. 'आमचे गाव म्हणजे दुसरे मँचेस्टर' असा अभिमान म्हणजे इतिहास नव्हे. आजोबांची आठवणसुद्धा पुरावा म्हणून तपासूनच घ्यावी लागते. ती १८८४ च्या सोलापूर गॅझेटिअरशी, जुन्या हजेरीपटाशी, पगाराच्या चिठ्ठीशी ताडून पाहावी. आठवण आणि कागद जुळत नसतील तर फारच उत्तम! तिथूनच अभ्यास सुरू होतो.

एवढे करायला दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत वर दिलेल्या तारखा फळ्यावर मांडून 'म्हणून' हा शब्द कोठे चालतो आणि कोठे नाही, ते मुलांनी ठरवावे. मग प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध कामगाराला तीनच प्रश्न विचारून यावेत: तुम्ही गिरणीत कसे लागलात? पाळी किती तासांची होती? गिरणी बंद झाल्यावर काय केलेत? दुसऱ्या तासिकेत ही उत्तरे पुस्तकातल्या 'परिणाम' या मुद्द्यांशेजारी ठेवून वाचावीत. आपल्या गावात गिरणी नसेल तर जिनिंगचा कारखाना असेल, रेल्वेचे स्टेशन असेल, साखर कारखाना असेल.

मात्र हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. धुराडी पडत आहेत, गिरण्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, आणि भोंग्याच्या आवाजावर उठणारी पिढी आता थकली आहे. त्या मुलीला आम्ही त्या दिवशी एवढेच सांगितले, की आजोबांना विचार, आणि लिहून आण. तिने वहीची चार पाने भरून आणली. त्यांतला एक प्रश्न आजोबांनी तिलाच विचारलेला होता: "आमचा धागा तुटू नये म्हणून हवेत पाणी सोडत होते. आमचा दम तुटू नये म्हणून काय करत होते?"