अश्रू बापाचे, मौन आईचे

अपत्यवियोगाने पतिपत्नी एकमेकांच्या अधिक जवळ येतात, असा एक समज आपल्या प्रवचनांतून सहज वावरत असतो. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना त्याला तडा जातो. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी एकाहून अधिक अपत्ये बालपणीच गमावली. कवी असलेल्या पित्याने 'बापाचे अश्रू' ही विलापिका लिहिली. आईने आपली कहाणी गद्यात लिहिली ती उतारवयात. १९३४ पासून तिचे आत्मचरित्र भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे लोटली होती. विलापिकेत शोक ओसंडतो. लक्ष्मीबाईंच्या गद्यात तो घरकामाच्या आणि विनोदाच्या आडून क्षणभर दिसतो. त्यांच्या विनोदाचे कौतुक आपण पुष्कळ केले; त्याखालचे मौन मात्र पुरेसे वाचले नाही, असे मला वाटते.

अध्यात्माने हे अंतर मिटवले काय? आरंभी तरी वाढवलेच. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मुलासह नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यातला काही काळ आपल्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात गेला. एकाला देव गवसला, तेव्हा दुसरीचा संसार मोडला होता. पुढे त्या पतीजवळ गेल्या त्याही आपले सोवळे सांभाळूनच. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. (टिळक प्रोटेस्टंट होते, येथे तो भेद गौण आहे.) मला त्या धर्मांतरापेक्षा मधली वर्षे अधिक आध्यात्मिक वाटतात.

तरीही विलापिकेला एक चेहरा लागतो, आठवणी लागतात. गर्भातच गेलेल्या जिवाला यांतले काहीच नसते. "दिवस गेले होते, पण राहिलं नाही," एवढ्यावर घरातले बोलणे संपते. देवाची इच्छा म्हणून बाईचे सांत्वन होते. पुरुषाला तर कोणी विचारतही नाही. मग ती प्रार्थनेत शिरते, तो कामात, आणि एकाच छताखाली दोघे परके होतात.

ख्रिस्तसभेने येथे एक दार उघडे ठेवले आहे. ज्या बालकाला स्नानसंस्कार देण्याची आईवडिलांची इच्छा होती, पण जे त्याआधीच मरण पावले, त्याच्या अंत्यविधीस स्थानिक बिशप अनुमती देऊ शकतात, अशी १९८३ च्या धर्मसंहितेत तरतूद आहे. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानेही अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे, असे प्रतिपादन केले. आपल्या धर्मग्रामांत दांपत्यांना हे क्वचितच सांगितले जाते. त्या विधीच्या वेळी आईच्या शेजारी बापालाही उभे राहता येते.