नेम लागल्यानंतर

बाप-लेक हरणाच्या शिकारीला जातात, नेम लागतो, बाप पाठ थोपटतो. शिकारीच्या गोष्टी मी अशाच ऐकल्यात. सावज पडलं की त्या संपतात. आमच्या संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात, 10 आणि 17 क्रमांकांच्या लेण्यांत रंगवलेली श्याम जातकाची गोष्ट मात्र तिथून सुरू होते. हरणं मारायला निघालेल्या राजाचा बाण पाणी भरायला आलेल्या श्यामला लागतो. घरी आंधळे आईबाप. श्रावणबाळ आठवतोच. पण श्याम हरणांच्या कळपात वावरणारा आहे. म्हणजे इथं आईबाप शिकाऱ्याच्या नाही, सावजाच्या बाजूला आहेत. मला या चित्रांची ताकद त्यातच दिसते. राजाचा नेम अचूकच होता. प्रश्न एवढाच, की घरी जाऊन सांगायचं कुणी? जातकात राजालाच जावं लागतं.